हाजियाचं ओगराळं

आसावासे, कुमासी
शनिवार, ३ मे १९९७

इद्रिसुदादा,

आई बारशाला येईल का, असं तू विचारलंस, आणि याचं उत्तर मला देता येत नाही. चार वर्षं विद्यापीठात घालवून, घरातली पहिली पदवी आणून, मी तुझी दीड ओळीची चिठ्ठी हातात धरून पाण्याच्या टाकीपाशी तासभर बसून राहिले.

"सनातूला नववा लागलाय. आई बारशाला येईल का? मी विचारलं म्हणून सांगू नकोस." तीन वर्षांनी तुझं अक्षर दिसलं, वहिनीची बातमी कळली, ते एवढंच. चिठ्ठी देताना ड्रायव्हर बाबा इसाका म्हणाले, "तुझा भाऊ म्हणाला, हरवली तरी चालेल. आणि मग तमालेच्या स्टँडबाहेरपर्यंत माझ्या गाडीमागे धावत विचारत होता, नीट ठेवलीत ना, नीट ठेवलीत ना."

मी आईला काही सांगितलेलं नाही. पण संध्याकाळी चवळी निवडताना तिने विचारलंच.

"तमालेची गाडी आली का गं?"

"आली. का?"

"काही नाही. कांदे यायचे होते."

"कांदे सोमवारी येतात."

"मग सोमवारी विचारीन." तिने एक खडा काढून टाकला. "तो बरा आहे ना?"

"कोण?"

"ड्रायव्हर गं. दुसरं कोण!"

इथली हालत तू सोडून गेलास तशीच आहे, फक्त रांग वाढली. सकाळी सहाला सुरू होते ती मशिदीच्या भिंतीला वळसा घालून शिंप्याच्या दुकानापर्यंत जाते. सगळे हाजियाचं वाचे खायला येतात. (आई मक्केला कधी गेलेली नाही, कारण मग ओगराळं कोण धरणार? पण लोक हाजियाच म्हणतात.) वाचेची तांदूळ-चवळी अझारामावशी शिजवते. ज्वारीची पानं टाकून तो लालसर रंग तीच आणते. चटणी तीच, मासे तीच. पण पानावर वाढणार फक्त आई, एकेकाला, चौकशी करत करत. नऊ वाजले की मागची माणसं उपाशीपोटी कामाला निघून जातात आणि दुपारी पातेल्यात उरलेलं बकऱ्या खातात. पातेल्यात अन्न आहे, रांगेत माणसं आहेत, आणि मध्ये एकच हात आहे. विद्यापीठात आम्हाला याच दुखण्यावर एक अख्खा पेपर होता. मला त्यात पहिला वर्ग मिळाला.

तुला पदवीदानाचं कळलं नसेल. समारंभ शनिवारी होता, म्हणजे ऐन गर्दीचा दिवस. आईने तिच्या जागी अझारामावशीला पाठवलं, आणि सोबत पानात बांधलेल्या वाचेच्या चाळीस पुड्या. कुलगुरूंनी माझ्याशी हात मिळवला आणि नंतर स्वतःचा हात हुंगला. मावशी मागच्या रांगेतून ओरडली, "आमची लारिबा!" सगळे हसले, मीही हसले. पण दादा, आईने स्वतःचं असं एकच काम जन्मात दुसऱ्यावर सोपवलं आहे, आणि ते नेमकं हे होतं.

तुझ्या मुलाच्या बाबतीत मी तसं होऊ देणार नाही. पदवीचा उपयोग घरापासून सुरू व्हायला हवा. मी शास्त्रशुद्ध पद्धतीने आईला मोकळी करणार आहे.

तुझी,
लारिबा

ता.क. पुढच्या वेळी निदान दोन पूर्ण ओळी लिही.


शनिवार, १० मे

दादा,

शास्त्रशुद्ध पद्धतीचा पहिला आठवडा झाला. खरं तेच लिहिते.

मी आधी सगळी कामं मोजली. चवळी निवडण्यापासून पातेली घासण्यापर्यंत सत्तावीस निघाली. मग मोठ्या पिवळ्या कागदावर तक्ता केला. डावीकडे काम, उजवीकडे ज्याच्यावर ते सोपवलं त्याचं नाव. चार रंगांच्या पेन्सिली वापरल्या. तो भिंतीवर लावला आणि आईला समोर बसवून सांगितलं, "आई, लहान धंदा माणसाच्या आजाराने मरत नाही, माणसाच्या हट्टाने मरतो. मालकाने कामं वाटून द्यायला शिकलं पाहिजे. तू पडलीस तर दुकान पडेल, असं असू नये."

"मी कशाला पडू?"

"समजा."

"तूच पड ना, तुला पडायचं असेल तर."

मग म्हणाली, "वाच बरं, काय लिहिलंयस ते. मला वाचता येत नाही, पण ऐकता येतं."

मी वाचायला लागले. आईने शेजारच्या सुपातली मूठभर चवळी घेतली आणि प्रत्येक नावाला एकेक दाणा मांडीवर ठेवत गेली. मला वाटलं, हाताला चाळा. सत्तावीस कामं संपली तेव्हा तिच्या मांडीवर चवळीचे तीन ढीग होते. एक मोठा, दोन इवले.

"हे तीन दाणे अझारा," ती म्हणाली. "हा एक दाणा मी. ओगराळं नाही हं, गल्ल्याशी बसून हसणं, असं लिहिलंयस तू. आणि हा डोंगर कोण?"

मी पेन्सिली गोळा करायला लागले.

"तेवीस आहेत. माल आणणं, लारिबा. चटणी चाखणं, लारिबा. रांग बघणं, लारिबा. अझारावर लक्ष ठेवणं, लारिबा. पोरी, हे वाटणं झालं का? हे तर माझ्याकडचं काढून तुझ्याकडे घेणं झालं!"

अझारामावशी पातेल्यात डोकं घालून इतकी हसली, की आतून घुमल्यासारखा आवाज येत होता.

मी सांगितलं की सुरुवातीचा काळ असाच असतो, नवीन पद्धत बसेपर्यंत कुणीतरी जबाबदारी घ्यावी लागते. आई म्हणाली, "मीसुद्धा असंच म्हणाले होते. तेवीस वर्षं झाली."

तेव्हा मला राग आला आणि मी तुझं नाव काढलं. नको होतं काढायला. मी म्हणाले, "म्हणूनच दादा गेला. सगळ्या रांगेसमोर त्याच्या हातातून ओगराळं काढून घेतलंस, आणि त्याने वाढलेलं पान परत पातेल्यात उलटं केलंस."

आईने ओगराळं पुसायला घेतलं, जे आधीच पुसलेलं होतं. तेच ते, आजीचं, भोपळ्याचं, चीर गेल्यावर दोऱ्याने टाके घातलेलं.

"जास्त वाढलं होतं त्याने," ती हळूच म्हणाली. "त्याचा हात सैल आहे. तुझ्या बाबांसारखा." आणि मग, "अजूनही तसाच आहे का?"

"कोण?"

"ड्रायव्हर."

तिच्या पेटीत काय सापडलं ते सांगते. शुक्रवारचा डगला काढायला म्हणून मी झाकण उघडलं, तर तळाशी अंगाला लावायच्या लोण्याच्या डब्याशेजारी एक छोटी भरतकामाची टोपी होती आणि पोरीच्या कमरेला बांधायची मण्यांची माळ. दोन्ही नवीन. मुलगा की मुलगी हे माहीत नाही म्हणून बाईने दोन्ही आणून ठेवलंय. मी झाकण लावलं. पण आता मला तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर माहीत आहे. तिला यायचं आहे. येता येत नाही.

लारिबा

ता.क. बाबा इसाका सांगत होते, तुझ्या सायकलच्या दुकानात दोन कारागीर आहेत आणि दोघं बाकावर बसून तुला पंक्चर काढताना बघत असतात. हे खरं आहे का? मग तू आईला कुठल्या तोंडाने बोलतोस?


शनिवार, १७ मे

दादा,

काल शुक्रवारी चाचणी झाली. आईच म्हणाली, "एक दिवस करून दाखवा. फसलात की जन्मभर गप्प बसायचं." तिने घरी राहायचं कबूल केलं. अट एकच, ओगराळं मिळणार नाही.

मी सकाळी उसनं ओगराळं शोधायला निघाले, तर अझारामावशी म्हणाली, "थांब." आणि आपल्या गाठोड्यातून, फडक्यात गुंडाळलेलं, एक कोरं करकरीत ओगराळं काढलं. मी विचारलं, कधी घेतलंस? म्हणाली, "नऊ वर्षं झाली. म्हटलं, कधीतरी लागेल." आणि कडा अंगठ्याने पुसत उभी राहिली. मला एकदम तक्त्यातले तिचे तीन दाणे आठवले.

आता माझी चूक सांगते. हाताची सवय शास्त्रशुद्ध नसते, असं माझं मत होतं. म्हणून मी औषधवाल्याकडून तराजू आणला होता. मावशी वाढणार, मी वजन करणार, कमी-जास्त असेल ते सांगणार, मग गिऱ्हाइकाला देणार. पहिली बारा पानं तशी गेली. रांग शिंप्याचं दुकान ओलांडून विहिरीपर्यंत पोचली.

शाळेचे ओपोकू मास्तर तेरावे. घड्याळ बघत म्हणाले, "पोरी, वाचे विकतेस की सोनं? आमच्या आजोबांच्या तराजूवर सोनंसुद्धा याहून लवकर जोखून व्हायचं."

मागून कुणीतरी ओरडलं, "हाजिया कुठंय? हा हात कुणाचा आहे?"

"हात माझा आहे!" मावशीने ओरडून सांगितलं. "चौदा वर्षं माझ्याच हातचं खाताय, फक्त वाढलं दुसऱ्याने!" मग माझ्याकडे वळली. आवाज एकदम मऊ. "लारिबा, एक सांगू? रागावू नकोस. हाजिया निदान ओगराळं धरून बसते. तू माझा हात धरून बसलीयस."

दादा, त्या पेपरात मला पहिला वर्ग होता.

मी तराजू उचलला, बाकावर जाऊन बसले, आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. बोलू नये म्हणून पदराचा कोपरा दातांत धरला. मास्तरांना मावशीने चटणी जास्त वाढली. मी पदर चावला. शिंपिणीला अंड्याचा मोठा अर्धा दिला. मी पदर चावला. आणि रांग हलायला लागली. मावशी चौकशी करत नाही, नुसती बघते आणि वाढते. कुणाला वर भुरभुरलेली गारी चालत नाही, कुणाला माशाचं डोकं लागतं, सगळं तिला माहीत. नवाच्या आत पातेलं रिकामं! बकऱ्या आल्या, वाट बघून निघून गेल्या.

पण त्याच्या आधीचं सांगायचं राहिलं. रांगेत एक बाई उभी होती, बुरख्यासारखी चादर नाकापर्यंत ओढून. बसकी, रुंद, आणि पायात एक निळी आणि एक हिरवी चप्पल. अशा चपला कुमासीत एकच बाई घालते. मास्तर वाकून म्हणाले, "हाजिया, तुम्हीसुद्धा रांगेत?"

"मी हाजिया नाही," चादरीतून आवाज आला. "तुम्ही पुढे बघा."

तिची पाळी आली. मावशीने मान वर केली नाही. पान घेतलं, वाढलं, आणि मग पातेल्याच्या बुडाची खरवड खरवडून वर ठेवली. आईला खरवड आवडते हे मला माहीत नव्हतं, दादा. तुला होतं का? ती कधी आपल्यासमोर खात नाही. चादरवाली पान घेऊन निघून गेली.

घरी आले तर आई भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"मीठ बरोबर होतं," ती म्हणाली. कुणीतरी वारल्याची बातमी सांगावी तसं.

"मग चांगलंच झालं ना?"

"खरवड कुणी सांगितली तिला?"

"कुणी नाही. ती बघतेय इतकी वर्षं."

मग भिंतीलाच म्हणाली, "माझ्यावाचून पातेलं रिकामं होतं, तर मग मी कशाला आहे?"

माझ्याकडे याचं पुस्तकी उत्तर होतं, आणि मी ते द्यायला सुरुवातही केली. मालकाने रोजच्या कामातून मोकळं होऊन धंद्याच्या वाढीकडे, असं काहीतरी. आई म्हणाली, "मिट तुझं पुस्तक." आज ती नेहमीपेक्षा अर्धा तास आधी जाऊन बसली आहे. ओगराळं असं धरलंय, जसं मी तराजू धरला होता.

चाचणी यशस्वी झाली आणि मी हरले. तुझ्या प्रश्नाचं उत्तर अजून नाही.

लारिबा


बुधवार, २१ मे

दादा! सनातूला आणि पोरीला माझा सलाम. बाबा इसाकांनी गाडी पुरती थांबायच्या आत खिडकीतून ओरडून सांगितलं, "मुलगी! सोमवारी! बारसं रविवारी!" अर्ध्या स्टँडने माझं अभिनंदन केलं.

आईला मी रांगेतच सांगितलं. ती म्हणाली, "अल्हम्दुलिल्लाह," आणि पुढच्या सहा गिऱ्हाइकांना दोन-दोन अंडी वाढली. सहावे मास्तर होते. ते म्हणाले, "हाजिया, आज तुमचा हात सैल आहे." आईने त्यांच्या पानातलं एक अंडं परत घेतलं.

मग म्हणाली, "नाक कुणावर गेलंय ते ड्रायव्हरला विचार."

"आपण दोघी जाऊन बघू या ना."

"मी कशी जाऊ? ओगराळं कोण धरणार?"

"अझारामावशीकडे तिचं आहे."

"ते तिचं झालं. हे माझ्या आईने माझ्या हातात दिलंय. हे टाकून मी कुठे जाऊ? हे जिथे, तिथे मी. ईदनंतर बघू."

कुठल्या वर्षीची ईद, ते बोलली नाही. घाईत आहे, गाडी सुटतेय.


शनिवार, २४ मे, सकाळ
बसस्टँड, कुमासी

इद्रिसुदादा,

हे पत्र बाबा इसाकांच्या गाडीच्या चाकाशी उकिडवं बसून लिहितेय. छपरावर कांद्यांची रिकामी पोती बांधून होईपर्यंत वेळ आहे.

आज उजाडताना आई नमाजाला बसली, तेव्हा मी दुकानात गेले. चोरी आहे हे मला माहीत आहे. विद्यापीठात यावर पेपर नव्हता.

मी निघाले तेव्हा आई पातेल्यांमागे, बाकाखाली, चुलीच्या राखेत शोधत होती. तिने आधी बकरीवर संशय घेतला, मग मास्तरांवर. "बुधवारी त्यांचं अंडं घेतलं, त्याचा सूड." आणि इकडे अझारामावशीने गाठोडं सोडलं होतं, फडकं झटकलं होतं, आणि वाढायला बसली होती. रांग हलत होती. दादा, ते बघून माझी खात्री पटली. मी दुकानातून फक्त एकच माणूस मोकळं केलंय. त्या भोपळ्याने दुसऱ्या कुणाला धरलेलंच नव्हतं.

दुपारी बाराच्या गाडीची दोन तिकिटं माझ्या मुठीत आहेत. इथून घरी जाऊन मी आईला दोन गोष्टी खऱ्या सांगणार आहे. ओगराळं कुठे गेलं, ही एक. आणि दुसरी, बारशाचं तू आपणहून विचारलंस, पहिल्या चिठ्ठीतच. तू सांगू नकोस म्हणाला होतास. सांगणार. तुलाही एक सांगते, जे मी तुला सांगू नये अशी तिची इच्छा असेल. तीन वर्षांत त्या ड्रायव्हरच्या तब्येतीची चौकशी झाली नाही असा एक आठवडा गेला नाही. बाबा इसाकांना मी आज हे सांगितलं, तर म्हणाले, "तरीच. मला वाटायचं, ही बाई माझी एवढी काळजी का करते!"

ती रडेल, मला शिव्या देईल, तमालेपर्यंत देत राहील. पण येईल. तिनेच सांगितलंय, हे जिथे, तिथे मी. पेटीतली मण्यांची माळ मी तिच्या पिशवीत वरच ठेवली आहे. टोपी पण घेतलीय, पुढच्यासाठी.

आता तुझ्यावर दोन कामं. पहिलं, ती दारात आल्याआल्या ओगराळं मागेल. देऊ नकोस. आधी पोरगी दे. सात दिवसांच्या बाळाला दोन्ही हात लागतात. दुसरं, उद्या बारशाला दुकानाला कुलूप लावणार असशील, तर लावू नकोस. त्या दोघा कारागिरांपैकी एकाच्या हातात पंक्चरचं सामान दे आणि दुकानाकडे पाठ करून उभा राहा. पाठ करणं सगळ्यात अवघड असतं, हे मी पदर चावून शिकलेय.

आणि उद्या बारशाच्या मेंढ्याच्या जेवणात आईच्या हाती ओगराळं येईल तेव्हा ती तुला विचारेल, वाढतोस का? विचारेल की नाही, हे मला सांगता येत नाही. विचारलंच, तर सैल हाताने वाढ.

ज्या पिवळ्या कागदात ओगराळं गुंडाळलंय, तो माझा तक्ता आहे. कागद जाड आहे, भोपळ्याला धक्का लागणार नाही. इथे परत लावायला दुसरा केलेला नाही. अझारामावशीला निघताना मी सांगणार होते, की चटणी कमी पडली तर... पण वाक्य गिळलं. आईने विचारलं तर काय सांगायचं, हेही सांगितलं नाही. ते तिचं ती बघेल.

बाबा इसाका हॉर्न वाजवताहेत. ओगराळं मघाशीच त्यांच्या सीटखाली ठेवलंय. दुकानाच्या चाव्या मावशीच्या कमरेला बांधल्या आहेत.

लारिबा